माल निघालाय, शेठ!

गॅरेज टाकलंत, अभिनंदन! आता बोर्ड रंगवायच्या आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. मुंबईत गॅरेजची पत दारात उभ्या असलेल्या गाड्यांवरून ठरते. दुरुस्त होऊन गेलेली गाडी कुणाला दिसते? गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती बाकीच्या ट्रॅफिकमध्ये मिसळली की संपलं. पण बॉनेट वासून, पुढचं चाक काढून, विठोबासारखी विटेवर उभी असलेली गाडी येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. चार दिवसांनी तीच गाडी तिथेच दिसली की त्याची खात्रीच पटते, यांच्याकडे काम फार आहे बुवा.

तेव्हा गाडी उभी राहिली पाहिजे. आणि ती उभी ठेवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पार्ट वेळेवर येऊ न देणं. मेकॅनिकनं दांडी मारली तर गाडी फार तर एक-दोन दिवस अडते. पार्ट अडला की हवी तितकी अडते, आणि वर दोष तुमच्या अंगाला लागत नाही.

सुरुवात गाडी उघडण्यापासून करा. क्लच घसरतोय म्हणून गिऱ्हाईक आलं, तर एक चक्कर मारून बघायच्या भानगडीत पडू नका. गाडी थेट लिफ्टवर घ्या, गिअरबॉक्स खाली उतरवा, आणि मग निवांत हात पुसत स्पेअरवाल्याला फोन लावा. गिअरबॉक्स उतरवलेली गाडी लिफ्टवरून हलत नाही, म्हणजे अर्धं काम फत्ते. फोनवर फक्त क्लच प्लेट मागवा. ती संध्याकाळी आली की जुनी प्रेशर प्लेट उजेडात धरून बघा. तोंड निळं पडलंय? ती उद्या मागवा. रिलीज बेअरिंग बोटावर फिरवून बघायचं काम परवावर ठेवा. ते खरखरणारच, मग तेही मागवा. काही उतावळे लोक मात्र गाडी चालती असतानाच दुखणं ओळखतात, अख्खा क्लच सेट एकदम सांगतात, सोबत क्रँकचं मागचं ऑइल सील मागवतात, आणि माल टेबलावर आल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावत नाहीत. सकाळी चढलेली गाडी त्यांच्याकडे संध्याकाळी उतरते. अशा माणसाच्या दारात गाड्या साठणार कशा?

ऑर्डर देतानाही संयम हवा. "स्विफ्टचे ब्रेक पॅड पाठव," एवढंच म्हणा आणि फोन ठेवा. कुठल्या सालची, पेट्रोल की डिझेल, कुठलं मॉडेल, हे समोरच्याला ओळखू द्या की. चासी नंबर तर चुकूनही देऊ नका. तो सतरा अक्षरी नंबर जगभर याचसाठी ठरवलाय, की कुठली गाडी कशी घडली ते कळावं. वाचणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं मुद्दाम वगळली आहेत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. एवढी काळजी ज्यांनी घेतली त्यांना घेऊ द्या. तुम्ही जुन्या पार्टचा एखादा फोटो पाठवा, तोही असा की त्यात पार्टपेक्षा तुमचा अंगठा मोठा दिसेल.

याचा फायदा ताबडतोब दिसतो. हल्ली स्पेअरवाले मिरवतात ना, दोन तासांत माल देतो म्हणून? देतातही. तुमच्याकडे चुकीचा माल दोन तासांत पोचतो. तो परत न्यायला मात्र पोरगा उद्या येतो, बदली माल परवा निघतो, आणि क्रेडिट नोटेचं, म्हणजे परत केलेल्या मालाच्या पैशांचं, काय झालं ते पुढच्या दिवाळीला निघतं. वेगवान डिलिव्हरी आणि चुकलेली ऑर्डर यांची जोडी जमली की काय बहार येते, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

मात्र हा दारात माल आणून देणारा प्रकारच मुळात टाळता आला तर उत्तम. भाव करायची मजा त्यात राहत नाही. त्यापेक्षा हेल्परला पाठवा. समजा गॅरेज भांडुपला आहे आणि सुमोचा मागचा बंपर हवाय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना-नवा सगळा माल मिळतो, तिथे शंभर-दोनशे रुपये सुटतील. तुमचा सर्वांत हुशार पोरगा निवडा, शॉकअपचं काम ज्याच्याशिवाय कुणालाच जमत नाही तो. त्याला सांगा, तीन दुकानं फिर आणि मगच घे. तो कुर्ल्याला उतरून चालत जाईल, घासाघीस करेल, बंपर घेईल, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी कल्याण लोकलच्या मालडब्यात चढेल. जरा डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला कोळणींच्या पाट्या, दुसरीकडे दूधवाल्याचे कॅन, आणि मध्ये आडवा न मावणारा म्हणून उभा धरलेला बंपर, त्याचं एक टोक छताच्या पंख्याकडे नि दुसरं कुणाच्या तरी पायावर. विक्रोळीला चढणारा प्रत्येक माणूस त्या बंपरला आणि पोराला दोन शब्द सुनावतो. भांडुपला उतरेपर्यंत बंपरच्या कोपऱ्याला चरा गेलेला असतो. आता पेंटरकडे आणखी एक दिवस. दोनशे रुपये मात्र वाचले. त्या दुपारी दोन गाड्या शॉकअपसाठी आशेनं उभ्या होत्या, पण त्यांचं काय एवढं.

ऑपेरा हाउसच्या स्पेअर बाजारात पाठवणार असाल तर आणखी चांगलं. रिक्षा सायन आणि माहीमच्या पलीकडे जात नाही, तेव्हा पोरगा टॅक्सीचं भाडं तरी मागेल नाहीतर डोक्यावर वजन घेऊन चालेल. दोन्हीत वेळ छान जातो.

बाइकवरून माल आणणाऱ्या पोरांची धास्ती वाटत असेल तर निर्धास्त राहा, शहर तुमच्या बाजूनं आहे. ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू, हे मुंबईतले सर्वांत सुसाट रस्ते, आणि तिन्हींवर दुचाकीला बंदी. सुरक्षेसाठी आहे, योग्यच असेल. पण गंमत बघा, ज्या वाहनावरून शहरातला सर्वांत घाईचा माल फिरतो, ते खालच्या सिग्नलला घाम पुसत उभं. त्यात पूल आहेतच. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू उघडली, तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला उंचीत जुळेचना! सायनचा पूल २०२४ मध्ये बंद झाला, प्रभादेवीचा २०२५ मध्ये. गिऱ्हाइकाला सांगायला कारण लागलंच तर पेपर उघडा, रोज एक ताजं मिळेल.

तरी सावध राहा, कारण काही स्पेअरवाल्यांनी यावरही तोड काढली आहे. भिवंडीच्या गोदामातून माल रात्रीच, मोठ्या गाड्यांना शहरात सोडतात तेव्हा, उपनगरातल्या छोट्या छोट्या दुकानांपर्यंत आणून ठेवतात. मग दिवसा लांबचा पल्ला उरतच नाही. बाइकवाला आपल्याच तीन-चार किलोमीटरच्या टापूत ठरलेल्या फेऱ्या मारतो: एक सकाळी, एक जेवणाच्या आधी, एक चारच्या चहाला. अमुक वाजेपर्यंत ऑर्डर दिली की अमुक फेरीत माल. असा माणूस गॅरेजवाल्याची सवय बिघडवतो. दुपारच्या फेरीत पॅड येणार हे आधीच ठाऊक असेल तर गॅरेजवाला सकाळी त्या लिफ्टवर ऑइल बदलीचं काम उरकून घेतो, आणि पॅड आल्या आल्या दुसरी गाडी चढवतो. मेकॅनिक बिचारा दिवसभर वाकलेला. घटकाभर टपरीवर बसून राजकारणावर बोलायची सोय राहिली नाही. खरं सांगायचं तर वेगापेक्षा हा नेमच जास्त घातक आहे. कधी तासात तर कधी परवा येणारा माल आपल्याला चालतो, कारण त्याच्या भरवशावर काहीही ठरवता येत नाही.

एक हिशेब मात्र कधी मांडू नका. तुमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, एकेका लिफ्टवर दिवसाला तीन कामं होतात असं धरू. एक गाडी पार्टासाठी दोन दिवस अडकली, म्हणजे सहा कामं गेली. अर्धा धंदा. गाळ्याचं भाडं गाडी चढते-उतरते का ते विचारत नाही, पोरांचा पगार पाना फिरला नाही म्हणून कमी होत नाही, आणि मुंबईत ती गाडी खाली घेऊन लावायला तुमच्याकडे अंगण नाही. गावाकडच्या गॅरेजला मागं मोकळं रान असतं. दहा गाड्या सडत पडल्या तरी अकरावी आत येते. इथे अडकलेल्या एका गाडीनं पुढच्या गाडीची जागा खाल्लेली असते. म्हणजे पार्टाच्या उशिराचा भुर्दंड त्या एकाच गिऱ्हाइकाला नाही, ज्याला तुम्ही "आज जमणार नाही, उद्या या" म्हणून परत पाठवलं त्यालाही. तो उद्या येत नाही, हेही हिशेबात धरावं लागेल. बघा, डोकं दुखायला लागलं ना? म्हणून म्हटलं, मांडू नका.

मग माल गॅरेजमध्येच साठवून ठेवावा का? अवश्य, पण कुठला ते जपून निवडा. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले, त्यात नुसतं वाट बघणंही आहे आणि गरजेपेक्षा जास्त माल भरून ठेवणंही. आपण दोन्ही एकदम साधायचं. पोटमाळ्यावर प्रीमियर पद्मिनीचे डायनॅमो आणि कार्ब्युरेटर भरून ठेवा. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली खरी, पण आशा सोडू नये. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, वायपर, बल्ब, कूलंट, चालू गाड्यांचे पॅड, हे रोज लागणारं काही मात्र ठेवू नका. ते रोज एकेक करून मागवा. उलट करणारेही भेटतात: रोजचा माल हाताशी, आणि क्वचित लागणारा तेवढा फोनवर. त्यांच्या पोटमाळ्यावर पोरं दुपारी झोपतात म्हणे.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. खड्ड्यांनी लिंक रॉड, बुश, लोअर आर्म जाणार, बॅटऱ्या बसणार, वायपर फाटणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच मे महिन्यात काहीही भरू नका. जूनमध्ये अख्खी मुंबई एकदम तेच मागायला लागली की रांगेत शेवटी जाऊन उभे राहा आणि म्हणा, यंदा पाऊस फारच अचानक आला.

आता सगळ्यात नाजूक भाग, उधारी. डिलिव्हरीचा वेग पेट्रोलवर चालतो हा गैरसमज आहे, तो चालतो खात्यावर. स्पेअरवाल्याच्या काउंटरवर एकाच वेळी पाच गॅरेजचे फोन येतात, आणि बाइकवाला एकच असतो. कुणाचं पाकीट आधी त्याच्या पिशवीत पडतं? ज्याचं मागच्या महिन्याचं बिल चुकतं झालंय त्याचं. तेव्हा बिल थकवा. वसुलीला आलेल्या पोराला चहा पाजा, "शेठला सांग, सोमवारी नक्की," म्हणा. पुढचा पार्ट शेवटच्या फेरीत, तोही जागा उरली तर, याची हमी मी देतो.

इतकं सगळं करूनही माल एखाद्या दिवशी वेळेवर आलाच, तर घाबरू नका. खोक्यावरचा पार्ट नंबर न बघता कोपऱ्यात सरकवा. गाडी पुन्हा जोडून संपवताना लक्षात येईल की ड्रेन प्लगचा कॉपर वॉशर मागवायचा राहिला. दहा-वीस रुपयांच्या वॉशरनं अडलेल्या गाडीची सर कशालाच नाही.

गिऱ्हाइकाचे फोन येतील. उचला, टाळू नका, टाळणं असभ्यपणा आहे. "साहेब, माल निघालाय, रस्त्यात आहे." कुठून निघाला, कुठल्या रस्त्यात आहे हे सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी "कंपनीकडेच शॉर्ट आहे, काका." तिसऱ्या दिवशी इन्शुरन्सच्या सर्व्हेअरवर ढकला, इन्शुरन्सचं काम नसलं तरी. गिऱ्हाईक वैतागून स्वतःच पार्ट शोधायला लागलं की समजा तुमचं प्रशिक्षण पूर्ण झालं.

तुमच्या गल्लीत दुसरं एक गॅरेज असेलच. तिथला मालक सकाळी ऑर्डरची यादी चासी नंबरासकट पाठवतो, बिल दहा तारखेला चुकतं करतो, आणि संध्याकाळी सातला शटर ओढून घरी जातो. त्याचं दार बघा, ओकंबोकं. एक गाडी नाही. नवख्याला वाटेल, धंदाच नाही बिचाऱ्याचा. शेजारधर्म म्हणून तुमच्याकडची एखादी गाडी रात्री त्याच्या दारात लावून या. तुम्हालाही तेवढी जागा होईल. सकाळी टोइंगवाला आणखी एक घेऊन येतोय.