लोकरीचे पैसे लावता, मग हातांचे का नाही?

दिवाळीच्या प्रदर्शनांचे स्टॉल बुक व्हायला लागले की आमच्या नाशिकच्या क्रोशावाल्या बायकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहतो. "ताई, हे कितीला लावू?" सोबत फोटो असतो. बाळाचा स्वेटर-टोपी-मोजे असा संच, नाहीतर बाळकृष्णाची वस्त्रं, नाहीतर ट्यूलिपचा गुच्छ. उत्तरंही ठरलेली. "लोकर कितीची लागली? त्याच्या दुप्पट लाव." "अगं, पाचशेच्या वर जाऊ नकोस, गिऱ्हाईक मागे फिरतं." "पहिल्यांदाच स्टॉल लावतेयस ना, मग थोडं कमीच ठेव."

मला हे तिन्ही सल्ले अजिबात मान्य नाहीत. ग्रुपवर दोन ओळी लिहून हे पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी ते "लोकरीच्या दुप्पट" घेऊ. हा हिशोब मुळातच चुकतो, कारण क्रोशात माल आणि वेळ यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. जाड लोकरीचा उशीचा अभ्रा घ्या. लोकर भरपूर खातो, पण जाड सुईवर दोन संध्याकाळींत हातावेगळा होतो. याउलट चाळीस नंबरच्या बारीक दोऱ्याचा टीपॉयवरचा रुमाल. दोरा लागतो दीडशे रुपयांचाही नाही, पण त्या बारीक सुईवर साखळी, खांब, साखळी, खांब असे टाके घालत फेरे वाढवत जायचं म्हणजे आठवडे जातात, आणि डोळ्यांवर ताण येतो तो वेगळाच. दुप्पटीच्या नियमाने अभ्रा महाग आणि रुमाल तीनशेला! ज्याने कोणी हा नियम काढला त्याने रुमाल विणून पाहिला नसावा.

आता बाळाचा संच. दोनशे ग्रॅम बऱ्यापैकी मऊ लोकर, म्हणजे साधारण २०० रुपये. बटणं, पिशवी, चिठ्ठी मिळून ३० धरा. स्वेटर, टोपी आणि मोज्यांची जोडी, हात बसलेली बाईसुद्धा पंधरा तास घेते. हा संच ५५० ला विकला की हातात उरतात ३२०. पंधरा तासांनी भागा. तासाला एकवीस रुपये. त्यात स्टॉलचं भाडं, रिक्षाचं जाणं-येणं, तीन दिवस टेबलामागे बसणं अजून धरलेलंच नाही. आमच्या सोसायटीत पोळ्यांना मावशी येतात, रोज एक तास, महिन्याला दोन हजार. योग्यच आहेत, कोणी घासाघीस करत नाही. म्हणजे तासाला पासष्ट-सत्तर रुपये झाले. स्वयंपाक हेही हाताचंच कसब आहे आणि विणणं हेही. मग एकीला सत्तर आणि एकीला एकवीस का? तासाला साठ धरले तरी त्या संचाची किंमत ११३० होते. हा आकडा ग्रुपवर लिहिला की सगळ्या दचकतात. मला वाटतं, दचकायचं असेल तर एकवीसला दचकावं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "अगं, आपला वेळ जातो, तेवढंच." टीव्ही बघता बघता करते, दुपारी पडल्या पडल्या करते, त्याचे कसले पैसे लावायचे? जी बाई खरंच मन रमवायला विणते आणि भाचीला, नातवाला देते, तिच्याशी माझं काही भांडण नाही. देण्याचा आनंद मोठाच असतो. पण वस्तू टेबलावर मांडली, त्याला चिठ्ठी लावली, की तो भाव फक्त तुमचा राहत नाही. शेजारच्या टेबलावर पंचवटीतली एखादी अशी बाई बसलेली असते जिचं घरभाडं यावर आहे. तुम्ही पाचशेला लावलात की तिच्या हजाराला लोक "लूट" म्हणतात. तुमचं घर नवऱ्याच्या पगारावर चालतंय म्हणून तुम्हाला पाचशे परवडतात. तिला परवडत नाहीत. मला हे फार टोचतं, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नसतो आणि नुकसान मात्र नेमकं तिचंच होतं.

हे आजचं नाही. आपल्या त्र्यंबकला उगम पावलेली गंगा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणणार) जिथे समुद्राला मिळायला निघते, तिथे आंध्र प्रदेशात नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पिढ्यानपिढ्या तिथल्या घरांतून लेस परदेशात जात राहिली. १९७०च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे राहून अभ्यास करून गेल्या, १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना काय दिसलं? बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, माल जगभर जात होता, व्यापारी मोठे झाले होते, आणि विणणाऱ्या बाईच्या हातात शेतमजूर बाईपेक्षाही कमी पैसे पडत होते. कारण तिला कामगार कुणी मानतच नव्हतं. ती गृहिणी, आणि लेस म्हणजे तिच्या फावल्या वेळाचा उद्योग. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, मला मनापासून आनंद झाला. पण आपल्या ग्रुपवर "वेळ जातो" वाचलं की मला त्या बायका आठवतात. तिथे ते वाक्य व्यापारी वापरत होते. इथे आपणच वापरतोय.

गिऱ्हाइकांकडून ऐकू येणारं दुसरं वाक्य, "ऑनलाइन हेच निम्म्या किमतीत मिळतं, मशीनचं असतं ना ते." इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण बऱ्याच विणणाऱ्या बायकांनाही ती माहीत नसते. क्रोशाचं मशीन नसतं. दोन सुयांच्या विणकामाचं असतं, इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्येच पायमोज्यांसाठी केलं होतं. त्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून प्रत्येक टाक्याला एकेक सुई देऊन यंत्र बनवता आलं. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका असतो. आणि पुढची सुई कुठे घालायची? कधी खालच्या खांबाच्या डोक्यात, कधी दोन खांबांच्या फटीत, कधी मागच्या बाजूने खांबाला वेढा घालून. अमिगुरुमीच्या, म्हणजे आत कापूस भरलेल्या क्रोशाच्या बाहुलीत तर गोल फिरत, मध्येच वाढवत, मध्येच घटवत जावं लागतं. हे सगळं करून बाजारात माल ओतणारं यंत्र आजही नाही. दुकानात क्रोशासारखे दिसणारे जाळीदार टॉप मिळतात, ते यंत्रावरचं वेगळं कापड असतं, जवळून पाहिलं तर खांब सापडत नाही.

म्हणजे काय, तर साठ रुपयांना मिळणारं ते क्रोशाचं मधमाशीचं कीचेनसुद्धा कुठेतरी, कुणीतरी, हातानेच विणलेलं असतं. साठात दुकानदार, घाऊकवाला, कुरिअर सगळे बसवायचे आणि मग जे उरेल ते त्या हातांचं. ते स्वस्त आहे याचं कारण यंत्र नव्हे. कुणाला तरी फार कमी मिळालं, हे कारण आहे. त्या भावाशी स्पर्धा करायची म्हणजे त्या बाईइतकं कमी घ्यायला तयार व्हायचं. मी तयार नाही, आणि इतर कुणी व्हावं असंही मला वाटत नाही.

गिऱ्हाइकांवर सगळं ढकलणं मात्र मला पटत नाही. नाशिकच्या माणसाला हातमागाची किंमत कळते. येवला इथून दीड-दोन तासांवर आहे. पैठणी घेताना तीच बाई पदर उलटा करून मागची बाजू पाहते, मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसला की हातमागाचा आहे हे ओळखते आणि हजारो रुपये मोजते. ती नजर तिला आईकडून, सासूकडून मिळालेली असते. क्रोशाची तशी नजर आपण तिला दिलेलीच नाही. म्हणून काय पाहायचं ते सांगते. वस्तू उलटी करा. धाग्यांची टोकं नुसती गाठ मारून कापली आहेत की आत ओवून फिरवली आहेत ते पाहा, नुसती गाठ असेल तर चार धुण्यांत सुटते. बाहुली असेल तर हलकेच ताणा. टाक्यांच्या मधून आतला कापूस पांढरा दिसला तर वीण सैल आहे, मूल बोट घालून तो बाहेर काढणारच. जिथून सुरुवात केली तो मधला गोल पूर्ण मिटलेला हवा. तान्ह्या बाळासाठी घेत असाल तर डोळे मण्यांचे नकोत, दोऱ्याने भरलेले हवेत, मणी तोंडात जातो. आणि लोकर गालाला लावून बघा, हाताला मऊ लागलेली लोकर गालाला टोचू शकते.

मागच्या वर्षी गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात जुन्या नाशकातल्या एक काकू आल्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी रुमाल उचलला तो थेट उलटाच केला. मग चष्मा कपाळावर चढवून, नखाने एका पाकळीतले खांब मोजले. "दोरा चाळीसचा ना गं?" मी हो म्हटलं. किंमत विचारली, सांगितली. त्यांनी रुमाल चारी बाजूंनी सारखा घडी घालून परत ठेवला आणि म्हणाल्या, "बरोबर लावलेयस. मला एवढा परवडायचा नाही, तो छोटा दे, देवापुढे घालते." छोटा घेऊन, पैसे देऊन गेल्या. भाव पाडून मागितला नाही. परवडत नाही हे सांगण्यात कमीपणा मानला नाही. असं गिऱ्हाईक दिवसातून एक भेटलं तरी मला पुरतं.

आयोजकांना एक विनंती. प्रदर्शनाच्या फलकावर "हस्तकला" लिहिता, तर घाऊक बाजारातून आणलेला माल विकणाऱ्याला शेजारचं टेबल देऊ नका. स्टॉल बुक करताना काम करतानाचा एक व्हिडिओ मागवा, पाच मिनिटांचं काम आहे.

"पण ताई, हजाराला खरंच कोणी घेत नाही." ही शंका खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. प्रदर्शनात माणूस संध्याकाळी फिरायला आलेला असतो, हातात मुलांसाठी घेतलेली भेळ असते, त्याचा हात सहज दोनशेपर्यंत जातो. तर तासाच्या त्याच दराने दोनशेच्या आत बसेल असंच काम करा. केसांचं रबर, पुस्तकातली खूण, छोटं फूल, लिंबाएवढं गाजर, जे तासा-दीड तासात होतं ते. त्यावर टेबलाचं भाडं निघतं. मोठी वस्तू नमुना म्हणून मांडा, पूर्ण किमतीची चिठ्ठी लावून, आणि ऑर्डर घ्या. ज्याला बारशाला खरंच हवी आहे तो घरी जाऊन फोन करतो. मोठ्या वस्तूचा भाव पाडून ती "खपवली" की पुढच्या वर्षी तोच भाव तुमच्या गळ्यात पडतो, मग वर चढता येत नाही.

आणि घाऊक भाव. "पन्नास कीचेन हवीत रिटर्न गिफ्टला, कमी करा ना." लोकर एकदम घेतली तर एका नगामागे दोन-तीन रुपये वाचतात, ते मी आनंदाने सोडते. पण पन्नासावं कीचेन विणायला पहिल्याइतकाच वेळ लागतो, शिवाय तोवर अंगठा दुखायला लागलेला असतो. त्यामुळे तासाचा दर एकाला जो तोच पन्नासांना.

यंदा माझ्या टेबलावर प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीखाली तासही लिहिलेले असतील. "३ तास", "१५ तास", एवढंच. ग्रुपमधल्या ज्यांना पटेल त्यांनीही लिहावेत, शेजारी शेजारी टेबलं असली तर फारच छान. दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे. बाळाच्या संचाला तीन आठवडे लागतात, रंग आणि बाळाचं वय आधी कळवा.