वरणात टोमॅटो आधी नको

एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि भाजी लावायची लेखातली कल्पना फार आवडली. आमच्याकडे रोज सकाळी हेच असतं. फक्त तुरीच्या डाळीत टोमॅटो घालूनच डबा लावा असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. आंबटामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. टोमॅटो, चिंच, आमसूल जे काही घालायचं ते डाळ घोटून झाल्यावर घाला. कुकर लावताना हळद, हिंग आणि चमचाभर तेल एवढंच पुरे. डाळ अर्धा तास आधी भिजवली असेल तर शिजल्यावर दाणा चिमटीत लोण्यासारखा दबतो, आत कणी राहत नाही.

दुसरं, शिट्ट्या मोजणं मी केव्हाच सोडलं. दाबामुळे कुकरमधलं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून पदार्थ भराभर शिजतो. शिट्टी म्हणजे नुसती जादा वाफ बाहेर. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून १० मिनिटं ठेवते, मग बंद. आणि वाफ आपोआप जिरू द्या हो! घाईने शिट्टी उचलली की डाळीला एकदम उकळी फुटते आणि ती डब्याबाहेर येते.

भाजीच्या डब्यात भेंडी, कोबी नको, लगदा होतो. लाल भोपळा मात्र नक्की लावा. कुस्करून त्यात दही, दाण्याचं कूट, मीठ-साखर आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी, की भरीत तयार.