आधी आवाज ओळखा, मग हेडफोन घ्या

अभ्यासासाठी बाहेरचा आवाज दाबणारा (नॉइज कॅन्सलिंग) हेडफोन घेताना जास्तीत जास्त डेसिबल आवाज कापणारा बघा, असं एका लेखात वाचलं. एवढ्यावर भागत नाही. नेमका कोणता आवाज नकोय, ते आधी ठरवायला हवं. अशा हेडफोनचे माईक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलट्या लहरी कानात सोडतात. म्हणून कूलर, जनरेटर, एसटीचं इंजिन असा एकसुरी, खर्जातला आवाज छान दबतो. बोलणं, हॉर्न, भांडं पडल्याचा आवाज बराचसा येतोच. लातूरच्या अभ्यासिकांत नीटची तयारी करणाऱ्या लेकरांना खरा त्रास होतो तो बाजूच्या कुजबुजीचा. तिथं इअरबडची कानात घट्ट बसणारी, योग्य मापाची रबरी टोपी जास्त कामाची. मोठा हेडफोन घेणार असाल आणि चष्मा असेल, तर तो घालूनच लावून बघा. काडीजवळ फट राहिली की आवाज तिथूनच शिरतो.

आणि खोक्यावरचं नीट वाचा, ही कळकळीची विनंती. 'ईएनसी' असतं ते कॉलसाठी. समोरच्याला तुमचं बोलणं स्वच्छ जातं, तुमच्या कानाला शांतता मिळत नाही. त्यासाठी 'एएनसी', म्हणजे वर सांगितलेलं उलट्या लहरींचं तंत्र हवं. माझ्या भाचीला दुकानदारानं दोन्ही एकच म्हणून सांगितलं होतं. घरून मोजून पैसे येणाऱ्या पोरांची अशी फसगत व्हायला नको.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कान झाकणारे हेडफोन घामानं नकोसे होतात. मी तरी इअरबडच सांगेन. गाणी लावायचीही गरज नाही, नुसतं एएनसी चालू ठेवा. रस्त्यावर निघताना मात्र बंद करा.