एर्मिओन 'मूळ नकाशांवरून' बांधलेलं नाही

सध्या एक फोटो फिरतोय, खाली लिहिलंय की फ्रान्सने 1779 चं एर्मिओन हे शिडाचं लढाऊ जहाज त्याच्याच मूळ नकाशांवरून जसंच्या तसं परत बांधलं. अर्धंच खरंय हे. फ्रान्समधल्या रोशफोर या बंदराच्या गावी 1997 मध्ये काम सुरू झालं, 2015 ला जहाज अमेरिकेला जाऊनही आलं, कारण मूळ जहाजातूनच लाफायेत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत करणारा फ्रेंच सेनाधिकारी, 1780 मध्ये बोस्टनला गेला होता. पण एर्मिओनचे स्वतःचे नकाशे काही हाती लागले नाहीत! मग रोशफोरलाच, त्याच डिझाइनवर बांधलेल्या काँकॉर्द या दुसऱ्या जहाजाचे वापरले. हे जहाज 1783 मध्ये इंग्रजांनी पकडलेलं, आणि त्यांची सवयच अशी की शत्रूचं चांगलं जहाज हाताला लागलं की मापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवायचं, बाजूने आकार कसा, छेदात फासळ्यांचा बाक कसा, वरून रुंदी कुठे किती, सगळं. ते कागद लंडनला ग्रीनिचच्या म्युझियममध्ये आहेत, म्हणजे फ्रेंच जहाजाचं रेकॉर्ड शत्रूच्या कपाटात (मला तर हेच जास्त भारी वाटतं). आणि 'जसंच्या तसं' म्हणाल तर नव्या जहाजात इंजिनं पण आहेत, आजचे सेफ्टीचे नियम कुणाला चुकलेत. फोटो खुशाल फॉरवर्ड करा, फक्त कॅप्शन बदला.