सालोसाल

लोकांच्या फ्रीझरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात मटार निघतात. आमच्या डब्यात साली निघतात. संत्र्याच्या, सफरचंदाच्या, अननसाच्या, आणि तळाशी डाळिंबाची, जिने पुढे इतिहास घडवला. फळं खाल्ली की साली फेकायच्या नाहीत, साठवायच्या आणि घसा धरला की मसाले घालून त्यांचा चहा करायचा, असं मी कुठेसं पाहिलं होतं. तेव्हापासून यजमान सफरचंद सोलायला बसले की मी समोर ताटली घेऊन उभी राहायची. ते हल्ली सफरचंद सालासकट खातात.

डिसेंबरात मात्र सालींना तोटा नव्हता. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की नागपुरात कोणी कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. आपण दिलेली पिशवी तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच पाहुण्याच्या हातून आपल्याकडेच परत येते. नागपुरी संत्र्याची साल म्हणजे मोठ्या भावाचा सदरा. नुसता अंगठा लावला की निघते. लहानपणी आम्ही ती एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो आणि दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवायचो. तेव्हा सालीत तेल असतं, एवढं रसायनशास्त्र मला पाठ होतं. पुढचं राहिलं होतं.

त्या रविवारी यजमानांचा घसा बसला. ‘काहीतरी गरम दे’ असं ते कुजबुजले आणि मला धन्य वाटलं. लगोलग वाण्याकडे गेले. फुकटाच्या चहासाठी दालचिनी, लवंग, ज्येष्ठमध आणि वेलदोडे घेतले. वेलदोड्यांचा भाव ऐकून मलाच घाम फुटला, म्हणजे औषध दुकानातच लागू पडलं म्हणायचं. प्रमाणाचा प्रश्न नव्हता. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक, हा आयुष मंत्रालयाचा काढा 2020 साली घराघरात पाढ्यासारखा पाठ झाला होता. त्यात आपल्या साली घालायच्या, की झालं.

नेहमीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध होतं. म्हणून मी लोखंडी कढई घेतली. शिवाय लोह पोटात गेलं तर चांगलंच, असाही एक आरोग्यदायी विचार मनात येऊन गेला.

पहिली दहा मिनिटं घरभर असा वास सुटला की शेजारीण दारात येऊन ‘कसली पूजा?’ विचारून गेली. पण तेल वासाबरोबर उडून जातं आणि कढईत संत्र्याच्या पांढऱ्या अस्तराचा कडूपणा तेवढा राहतो. तो मारावा म्हणून मी सफरचंदाच्या साली वाढवल्या. त्याने गोडी येईना, म्हणून अननसाच्या टाकल्या. मग डबा रिकामाच व्हावा म्हणून डाळिंबाची सालही टाकली आणि आच मोठी केली. पाण्याचा रंग पिवळा होता, तो करडा झाला, मग राखाडी. विसाव्या मिनिटाला कढईत अमावस्या होती.

गाळणी सापडेना (ती दुधाच्या गंजावर होती), म्हणून जुनी पांढरी ओढणी लावली. तेवढ्यात सासूबाई देवघरातून आल्या. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं.

“काय होय हे?”

“काढा आहे, आई. यांच्या घशासाठी.”

“लोखंडात? डाळिंबाची साल घालून?” त्या खुर्ची ओढून बसल्या. “अवो, रंगारी असंच काळं करत. डाळिंबाची साल अन् हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार. तू काढा नाही, शाई करून राहिली.”

यजमानांनी तोपर्यंत अर्धा कप घेतला होता. तोंड असं आखडलं की बराच वेळ त्यांना ‘उ’शिवाय स्वर काढता येईना. एवढं मात्र खरं, की घशाची तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही. डाळिंबाच्या सालीचा दुसरा गुण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. जुलाब थांबवायला ती पूर्वापार देतात. ज्याला जुलाब नाहीत त्याचं काय थांबतं, ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी इसबगोल आणलं, आणि फुकटाच्या चहाच्या हिशेबात तेही मांडावं लागलं. सुंठीवाचून खोकला गेल्याचं ऐकलं होतं. आमच्याकडे सुंठ घालूनही खोकला जागेवर होता आणि बाकीचंही सगळं जागेवरच.

शेवटी सासूबाईच उठल्या. आलं आणि दालचिनीचा तुकडा पाण्यात उकळला, गॅस बंद केला, मग गवती चहाची पाती आणि अंगठ्याएवढी संत्र्याची साल, आतला पांढरा भाग खरवडून, त्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं. “कडक ते उकळावं, वासाचं ते झाकावं. काढा वेगळा, फांट वेगळा,” असं म्हणून त्या पाच मिनिटं झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मी उघडीन या भीतीने. चहा उत्तम झाला होता. मला तो अजिबात आवडला नाही, पण दोन कप प्यायले.

ओढणी तीन वेळा धुतली. धूसर राखाडी रंग जसाच्या तसा. असा रंग दुकानात मागितला तर मिळणार नाही. ती दोरीवर वाळत होती, तेव्हा सासूबाईंनी तिचं टोक बोटांत चोळून पाहिलं. मग आत गेल्या आणि आपलं विटलेलं सुती लुगडं काढून घेऊन आल्या.

“डाळिंबं केव्हा आणतो म्हणाला तो?”