‘एका खर्चात दोन’ म्हणणाऱ्यांना

मावसभावाच्या बायकोचं पुण्यात आयव्हीएफ चालू आहे आणि घरच्या ग्रुपवर एकच वाद रंगलाय: गर्भाशयात एम्ब्रियो (लॅबमध्ये वाढवलेला गर्भ) एक ठेवायचा की दोन? बहुमत दोनच्या बाजूने. "जुळी झाली तर एका खर्चात दोन, परत दगदग नको." मी इथून, ब्रिटनमधून विरोध केला, तर काकांनी लिहिलं, "तुमचं सगळं सरकार करतं, तुला इथलं काय कळणार?"

हे फार लागलं. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने चाळिशीच्या आतल्या बाईला आयव्हीएफच्या तीन सायकली (फेऱ्या) द्याव्यात असा सल्ला असला, तरी बऱ्याच भागांत एकच मिळते. माझ्या आयव्हीएफच्या वेळी पुढचे पैसे आम्हीच घातले. दोन ठेवायचा मोह मलाही झाला होता.

पण जुळं हा बोनस नाही, या उपचारातला सगळ्यात मोठा धोका आहे. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आईचं बीपी आणि साखर वाढायची भीती वेगळीच. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफच्या चारातल्या एका बाळंतपणात जुळं-तिळं असायचं. २००७ नंतर एचएफईएने (तिथल्या आयव्हीएफवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) 'एका वेळी एकच'चा आग्रह धरला आणि २०१९ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. मूल होण्याचं प्रमाण घटलं नाही, उलट वाढलं. आपल्याकडे भारतात आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी २०२१ चा कायदा आहे, पण घरातल्या बहुमताला तो कुठे अडवतो?

आणि वहिनीला पीसीओडी आहे, त्यावर ग्रुपवर चकार शब्द नाही. अंडी वाढवायच्या इंजेक्शनांनी बीजकोश फुगतात. शंभरातल्या तेहेतीस जणींना सौम्य त्रास होतो, एखाद-दुसरीला मात्र पोटात पाणी होतं, धाप लागते, रक्ताच्या गुठळ्यासुद्धा होतात. पीसीओडीत हा धोका जास्त. गर्भ राहिला तर तो आणखी बळावतो, म्हणून अशा वेळी एम्ब्रियो गोठवून पुढच्या महिन्यांवर टाकतात.

इथे "गुड न्यूज कधी?" असं कुणी विचारत नाही, हे मी नेहमी अभिमानाने सांगते. पण माझं पोट फुगलं, आडवं होता येईना, तेव्हा फोनवर नर्स होती. उशाशी बसणारं कुणी नव्हतं. वहिनीजवळ आई आहे, सासू आहे, जावा आहेत. मला तिचा हेवा वाटतो, आणि म्हणूनच राग जास्त येतो. एवढ्या माणसांतल्या एकानेही डॉक्टरांना विचारलेलं नाही की लघवी कमी झाली, श्वास लागला, तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. काकांना आवडो न आवडो, उद्या मी हेच पुन्हा विचारणार आहे.