म्हणे खासगी बस आली की गावोगावी दर तासाला गाडी!

गेल्या आठवड्यापासून एक लांबलचक मेसेज फिरायलाय. वर ठळक अक्षरात "सरकारी बस बंद करा, खासगी आणा, बेळगाव जिल्ह्याचा कायापालट बघा", खाली सात मुद्दे आणि शेवटी नेहमीचं "जास्तीत जास्त शेअर करा". असले मेसेज मी वाचतच नाही. पण हा खानापूर तालुक्यात जांबोटीकडं राहणाऱ्या माझ्या आत्याकडं पोचला आणि तिनं फोन करून विचारलं, पोरीचा कॉलेजचा बसपास काढू का नको रे, बस खासगी होणार म्हणतात, पैसे वाया जायचे. पास काढ म्हणून सांगितलं. पण अशा किती आत्या-मावश्या असतील ज्यांना विचारायला कोणी नाही, म्हणून हे टाईप करतोय.

तिसरा मुद्दा आधी घेतो कारण तो सगळ्यात अचाट आहे. "खासगी मालकाला धंदा पाहिजे असतो, त्यामुळं तो प्रत्येक गावात दर तासाला गाडी सोडेल."

अरे बाबा, धंदा पाहिजे असतो म्हणूनच तो येणार नाही! वस्तीच्या गाडीचा हिशोब एकदा मांडून बघा की. रात्री गाडी गावात मुक्कामाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, सकाळी शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, बाजाराला जाणाऱ्या बायका घेऊन खानापूरला येते. येताना उभं राहायला जागा नसते आणि परत जाताना गाडीत चार डोकी. संध्याकाळी हेच उलट. डिझेल आणि पगार मात्र दोन्ही बाजूंचा. त्यात भरलेल्या गाडीत निम्मे पासवाले, उरलेल्यात निम्म्या झिरो टिकिटवाल्या, म्हणजे सरकारी बसनं फुकट जाणाऱ्या बायका. कुठला मालक ही ट्रिप घेईल? त्याला वेड लागलंय? तो घेणार बेळगाव-निपाणी, बेळगाव-हुबळी, फार तर बेळगाव-खानापूर मेन रोड. म्हणजे जिथं सरकारी बसला चार पैसे सुटतात तेवढंच तो उचलणार. आणि त्याच चार पैशांवर आतल्या गावची गाडी चालते हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसेल किंवा माहीत असून लिहिलं नसेल. मेन रोडची कमाई काढून घेतली की पहिल्यांदा बंद पडणार ती कणकुंबीकडची, हेमाडग्याकडची गाडी, निपाणीची नाही.

खासगी सेवा कशी असते ते बघायला लांब जायला नको, वडाप, म्हणजे शेअर जीप, आहे की आपल्याकडं. सीटा भरल्याशिवाय हलत नाही, फाट्यावर सोडतो, पुढं चालत जा. पावसाळ्यात पॅसेंजर नसला की त्या दिवशी सुट्टी. त्याला मी दोष देत नाही, पोट आहे त्याचं. पण त्यालाच जिल्ह्याची बससेवा करा म्हणताय तुम्ही.

आणि हा प्रयोग कोणी केलाच नाही असंही नाही. मध्य प्रदेशनं २००५ साली आपलं राज्य परिवहन महामंडळ गुंडाळलं. कारण हेच, तोटा. त्यानंतर सगळं खासगी परमिटवाल्यांवर. वीस वर्षं बाजाराला मोकळं रान होतं, दर तासाला गावोगावी गाडी सोडायला कोणी हात धरले नव्हते. झालं काय? शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि खेड्यात बोंब. शेवटी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर करावी लागली. त्यातही गाड्या खासगी मालकांच्याच राहणार, पण रूट आणि वेळापत्रक यावर नियंत्रण सरकारी कंपनीचं. म्हणजे ज्यांनी सरकारी बस बंद करून दाखवली तेच वीस वर्षांनी सरकारला परत बसस्टँडवर घेऊन आले. सात मुद्द्यांच्या मेसेजमध्ये या राज्याचं नाव एकदा पण नाही. का नाही ते तुम्हीच ओळखा.

आता तोटा. "सरकारी बस कायम तोट्यात, खासगीवाला त्याच रस्त्यावर नफा कमावतो." त्याच रस्त्यावर, बरोबर. त्याच गावात नाही. हे वर झालंच. पण कोणीतरी खाली पुस्ती जोडलीय की १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच लिहिलंय, महामंडळ व्यावसायिक तत्त्वावर चालवा. लिहिलंय, कलम २२. पण वाचत वाचत २२ पर्यंत गेलात तर वाटेत १८ लागलं असेल ना? त्यात महामंडळाचं कर्तव्यच दिलंय, लोकांना कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट जुळवलेली बससेवा द्यायची. पुरेशी हा शब्द खासगी मालकाच्या कुठल्या कागदावर आहे दाखवा. आपली वायव्य कर्नाटक परिवहन १९९७ ला बेंगळुरूच्या मंडळातून वेगळी काढून हुबळीला आणली ती पण या भागाकडं नीट लक्ष देता यावं म्हणूनच की.

"बायकांना फुकट सोडून बस बुडवली." ह्यात थोडं खरं आहे, मान्य करतो, नाइलाजानं. बायकांना फुकट प्रवासाची कर्नाटकची शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, त्या झिरो टिकिटाचे पैसे राज्य सरकारनं मंडळाला द्यायचे असतात आणि सरकार ते वेळेवर आणि पूर्ण देत नाही ही ओरड खोटी नाही. गर्दी वाढली, तेवढ्या गाड्या वाढल्या नाहीत, दारात लटकणारी पोरं रोज दिसतात. पण मग ओरडा बेंगळुरूच्या नावानं की पैसे सोडा म्हणून, बस विका कशाला म्हणताय? आणि तोटा काय २०२३ ला जन्माला आला? शिवाय "बायका उगाच फिरतात" हे वाक्य लिहिणाऱ्यानं सकाळी एकदा सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मेन बसस्टँडवर, उभं राहून बघावं कोण फिरतंय. आमच्याकडच्या बायका इतका हिशोब करतात की कोल्हापूरला जायचं तर निपाणीपर्यंत राज्यातली गाडी धरतात, कारण आंतरराज्य बसला शक्ती चालत नाही, आणि पुढं महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीला अर्धं तिकीट असतं. फिरायला निघालेला माणूस एवढी आकडेमोड करत नाही.

बरं, खासगी झालं की हे झिरो टिकीट राहणार आहे का? उडुपी-मंगळूर बघा. तिथं खासगी बस पूर्वापार आहेत आणि चांगल्या आहेत, गाडीमागं गाडी असते, हे पण मान्य. पण शक्ती योजना त्या गाड्यांना लागूच नाही, त्यामुळं तिथली बाई पूर्ण पैसे मोजते. आणि तो सगळा दाट वस्तीचा पट्टा, हाकेच्या अंतरावर गाव. तिथलं उदाहरण उचलून खानापूरच्या जंगलाला लावायचं म्हणजे कमालच आहे.

"स्पर्धेमुळं तिकीट कमी होईल." गणपतीत पुण्याहून बेळगावला खासगी स्लीपरनं आलाय का कधी? आलाय ना, मग बोलायलाच नको. महाराष्ट्र सरकारला २०१८ ला नियम काढावा लागला की खासगी ट्रॅव्हल्सनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीच्या वर घ्यायचं नाही. म्हणजे खासगीला वेसण घालायला माप म्हणून पण सरकारी तिकीटच लागलं! एसटीच नसेल तर दीडपट कशाची? सरकारी तिकीट पण वाढतं, २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडं १५ टक्के वाढलंच. पण ते सांगून वाढतं आणि सणाला रातोरात डबल होत नाही.

राजकारणात सरकारी बस अडकते असा पण एक मुद्दा आहे, त्यावर जास्त बोलत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत भाषेच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबल्या, हाल आपलेच झाले, हे खरंच आहे. पण दगड मारणारा गाडी सरकारी का खासगी हे विचारून मारत नाही.

लंडन. दर वेळी कोणीतरी लंडनला जाऊन येतं. हो, लंडनमध्ये गाड्या खासगी कंपन्या चालवतात. पण रूट कुठला, गाडी किती वाजता, तिकीट किती हे सगळं तिथली सरकारी वाहतूक संस्था ठरवते, कंपनीला फक्त चालवायचे पैसे. लंडनबाहेर १९८६ ला सगळं मोकळं सोडलं होतं, मेसेजला पाहिजे तस्सं. त्यातल्या मँचेस्टरनं २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं बस परत आपल्या ताब्यात घेतल्या, जानेवारी २०२५ ला काम पूर्ण झालं.

राहिला शेवटचा मुद्दा, "खासगीत संप नसतो." ऑगस्ट २०२५ ला आपल्या सरकारी बसवाल्यांनी संप केला, थकलेल्या पगारवाढीसाठी, माहीत आहे. पण ११ सप्टेंबर २०२३ ला बेंगळुरूत बंद कोणी केला होता? खासगी बस, टॅक्सी, रिक्षावाल्यांच्या संघटनांनी. आणि त्यांच्या मागण्यांमध्ये एक काय होती? शक्ती योजना आमच्या बसला पण लावा! जी योजना बस बुडवते म्हणे, तीच मागायला रस्त्यावर आले होते. त्या दिवशी जादा गाड्या बीएमटीसीनं, म्हणजे बेंगळुरूच्या सरकारी शहर बससेवेनं, सोडल्या आणि अनिल कुंबळे विमानतळावरून त्यातल्याच बसनं घरी गेला, फोटो त्यानं स्वतःच टाकला होता. शोधा, सापडेल.